बडीशेप हे बी नव्हे

फार्मसीचे प्रवेश उरकले आणि पहिलं सत्र सुरू झालं की या सदराच्या टपालात दरवर्षी एकच सूर लागतो : ‘मॅडम, बायोलॉजी जमत नाही.’ मी एकतीस वर्षं फार्माकॉग्नोसी शिकवली, म्हणजे वनस्पतींपासून मिळणारी औषधं ओळखण्याचं शास्त्र. त्यामुळे ही पत्रं संपादक थेट माझ्याकडे पाठवतात. या वेळी त्यातली पाच निवडली आहेत. पहिल्या दोन पत्रांची उत्तरं लांबली आहेत, कारण मुलांचं घोडं तिथेच अडतं.

प्रश्न : मी परभणी जिल्ह्यातला. दहावीपर्यंत मराठी माध्यम, बारावीला गणित घेतलं होतं, जीवशास्त्र नव्हतं. बी. फार्म.ला प्रवेश मिळाला आणि पहिल्याच सत्रात रेमेडियल बायोलॉजी आलं. पॅरेन्कायमा, कोलेन्कायमा, स्क्लेरेन्कायमा, झायलेम, फ्लोएम… रात्री पाठ करतो, सकाळी विसरतो. वर्गातली बायोलॉजीवाली मुलं पुढे निघून गेलीत. मी चुकीच्या ठिकाणी आलोय का?

उत्तर : नाही रे बाबा. हा विषय अभ्यासक्रमात ठेवलाय तोच तुझ्यासारख्यांसाठी. ज्यांना बारावीला जीवशास्त्र नव्हतं त्यांना रेमेडियल बायोलॉजी आणि ज्यांना गणित नव्हतं त्यांना रेमेडियल मॅथेमॅटिक्स, अशी फार्मसी कौन्सिलची रचना आहे. तुझ्या वर्गातली बायोलॉजीवाली मुलं त्याच वेळी गणिताच्या तासाला घाम गाळत असतील. अडचण एवढीच, की थिअरीला तास फक्त ३०, आणि त्यात सजीवांच्या पाच सृष्टींपासून मूत्रपिंडापर्यंत आणि फुलापासून प्रकाशसंश्लेषणापर्यंत सगळं कोंबलंय. शिकवणारे धावतात, मुलं मागे राहतात. त्यात तुझा दोष नाही.

तू पाठांतराच्या बाजूने शिरलास, म्हणून अडकलास. आधी वस्तू बघ, मग तिचं नाव घे. आणि तुझ्याकडे मराठी माध्यमाची जी शिदोरी आहे ती टाकून देऊ नकोस. शाळेच्या विज्ञानाच्या पुस्तकात तू जलवाहिन्या आणि रसवाहिन्या शिकलास ना? त्याच झायलेम आणि फ्लोएम. पाणी वर नेते ती जलवाहिनी, पानात तयार झालेलं अन्न वाहून नेते ती रसवाहिनी. मराठी नावाने काम डोळ्यापुढे उभं राहतं, इंग्रजी नावाने फक्त स्पेलिंग. मूल ऊती, स्थूलकोन ऊती, दृढ ऊती हे तीन शब्दही नुसते उच्चारून बघ. दृढ म्हणजे कडक. स्थूलकोन म्हणजे पेशीचे कोपरे जाड झालेले. नावातच आकृती आहे. परीक्षेत इंग्रजी नाव लिहायचंच आहे, ते वहीच्या समासात लिही. समजून मात्र मराठीत घे.

आता वस्तू. तुमच्याकडे ज्वारी असेलच. ज्वारीचा ओला धांडा किंवा उसाचं कांडं घे आणि धारदार विळीने आडवा काप दे. कापलेल्या तोंडावर बारीक बारीक ठिपके दिसतील, सगळीकडे विखुरलेले, सालीजवळ दाट, मध्यभागी विरळ. तो प्रत्येक ठिपका म्हणजे एक वाहिनीपूल : आत जलवाहिन्या, रसवाहिन्या आणि भोवती दृढ ऊतीचं आवरण. ऊस चावून रस गिळला की तोंडात जे दोरे उरतात ते हेच. आता सूर्यफुलाचं कोवळं खोड तसंच काप. तिथे ठिपके विखुरलेले नाहीत, एका वर्तुळात रांगेने बसलेत आणि मधोमध पांढरा मऊ गाभा आहे. एकबीजपत्री आणि द्विबीजपत्री खोडातला फरक हा एवढाच. ज्याने हे दोन काप एकदा पाहिले त्याला तो तक्ता घोकावा लागत नाही.

दृढ ऊतीचं आणखी एक घरचं उदाहरण सांगते, माझ्या फार आवडीचं. पेरू खाताना गराला जो रवाळपणा लागतो तो कशाचा? स्टोन सेल्सचा, म्हणजे अश्मपेशींचा. लिग्निन, म्हणजे लाकडाला कडकपणा देणारं द्रव्य, साठून भिंती जाड झालेल्या कडक पेशी. पेरूचा चिमूटभर गर स्लाइडवर दाबून पसरव, त्यावर फ्लोरोग्लुसिनॉलचा थेंब आणि मग तीव्र हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब टाक (हे लॅबमध्येच, सरांना विचारून). मिनिटभरात त्या पेशींचे पुंजके लाल-गुलाबी होतात आणि बाकीचा गर रंगहीन राहतो. पुढे दालचिनीच्या सालीचा सेक्शन बघशील तेव्हा अश्मपेशींचा अखंड पट्टा दिसेल आणि तुला पेरू आठवेल. मला तरी दर वेळी आठवतो.

रोज एक भाजी काप, एवढंच सध्या कर. भेंडी आडवी कापलीस तर पाच कप्पे आणि मधल्या अक्षाला चिकटलेल्या बिया दिसतील. वाटाण्याच्या शेंगेत एकाच कडेला बिया लागलेल्या असतात, पपईत आतल्या भिंतीला. ही बीजांडविन्यासाची, म्हणजे बिया फळात कुठे चिकटतात त्याची, तीन उदाहरणं झाली. बटाटा खोड आहे कारण त्याला डोळे असतात, डोळा म्हणजे कळी. रताळं मूळ आहे. आलं आणि हळद जमिनीखाली असूनही खोडच : पेरं बघ, खवल्यांसारखी पानं बघ. आईला स्वयंपाकात मदतही होईल.

प्रश्न : मी द्वितीय वर्षाला आहे, कोल्हापूर. मॅडम, माझे टी.एस. (सूक्ष्मदर्शकासाठी घेतलेले पातळ आडवे काप) कधीच चांगले येत नाहीत. एक तर जाड येतात किंवा तुकडे पडतात. बॅचमधल्या एका मुलीचा सेक्शन सगळे जण बघतात आणि जर्नलमध्ये आकृती पुस्तकातून उतरवतात. मीही तेच करते. पण परीक्षेत तिचा सेक्शन मला कोण देणार?

उत्तर : प्रश्न प्रामाणिक आहे, म्हणून हात धरून सांगते. माझ्या डाव्या अंगठ्यावर आजही एक पांढरी रेघ आहे, पहिल्या वर्षी ब्लेडने कापल्याची. तेव्हा मी करवत चालवावी तसं ब्लेड पुढे-मागे करत होते. तुझंही तेच होत असणार.

ब्लेड नवं घे. प्रत्येक प्रॅक्टिकलला नवं. जुन्या ब्लेडने आजवर कुणाचा सेक्शन आलेला नाही. पान असेल तर मधली शीर मध्ये येईल अशी अर्ध्या सेंटिमीटर रुंदीची पट्टी काप. बटाट्याचा किंवा गाजराचा बोटाएवढा तुकडा घे, त्याला वरून उभी चीर दे आणि ती पट्टी त्या चिरेत बसव. वाळलेलं पान असेल, पोट साफ करायला देतात त्या सोनामुखीसारखं, तर आधी पाण्यात उकळून मऊ करून घे. कोरडं कापायला गेलीस तर चुराच होणार. आता डाव्या हातात तुकडा धर, पण अंगठा बोटांपेक्षा खाली ठेव. ब्लेड आणि तुकड्याचं तोंड दोन्ही ओलं. उजवा हात सैल. ब्लेड तिरकं ठेवून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत एकाच ओघात स्वतःकडे ओढ. दाबायचं नाही, ओढायचं. कापला गेलेला पापुद्रा ब्रशने वॉच ग्लासमधल्या, म्हणजे काचेच्या छोट्या बशीतल्या, पाण्यात सोड.

असे पंचवीस घे. पाच घेऊन सगळ्यांत बरा शोधत बसू नकोस, हीच मुलांची चूक असते. पंचवीसमधले बावीस टाकायचेच असतात. वॉच ग्लास काळ्या कागदावर ठेवला की जाड काप हिरवे-पांढरे दिसतात आणि पातळ जवळजवळ दिसतच नाहीत. तो न दिसणारा तुझा. आणि तो अख्खा असायलाच हवा असं नाही. मधल्या शिरेचा एक कोपरा आणि शेजारचा थोडासा पानाचा भाग असलेला, एका कडेला विरत गेलेला अर्धवट पातळ काप, पूर्ण पण जाड कापापेक्षा शंभर पटीने चांगला. त्या विरत गेलेल्या कडेलाच पेशींचा एकच थर उरलेला असतो.

पुढचं सोपं. पौष्टिक द्रव्यं आणि हरितद्रव्य मध्ये येत असतील तर क्लोरल हायड्रेटमध्ये गरम करून काप स्वच्छ करायचा. लिग्निन बघायचं तर फ्लोरोग्लुसिनॉल आणि आम्ल. स्टार्च बघायचा तर क्लोरल हायड्रेट लावायचंच नाही, साध्या पाण्यात माउंट करून पातळ आयोडीन. निळे-काळे कण दिसतील. कॅल्शियम ऑक्झलेटचे स्फटिक ॲसिटिक आम्लात विरघळत नाहीत, हायड्रोक्लोरिकमध्ये विरघळतात; कॅल्शियम कार्बोनेट असेल तर ॲसिटिक आम्लातच बुडबुडे सुटतात. कव्हर स्लिप एका कडेने टेकवून सुईने हळूहळू खाली आण. तरी हवेचा फुगा राहिलाच तर ओळखून ठेव : जाड काळ्या कडेचा गुळगुळीत गोल. दर वर्षी कोणी ना कोणी त्याची आकृती काढून ‘ऑइल ग्लँड’ असं लिहितंच.

सूक्ष्मदर्शकाखाली आधी दहाचंच भिंग. दहाची नेत्रिका आणि दहाचं भिंग म्हणजे वस्तू १०० पट मोठी दिसते, पंचेचाळीसचं लावलंस की ४५० पट. मुलं घाईने थेट पंचेचाळीसवर जातात आणि काप शोधण्यातच तास जातो, वर कव्हर स्लिप फुटते ती वेगळीच.

आणि आकृतीबद्दल. पुस्तकातून उतरवू नकोस. खरंच नकोस. परीक्षकाला ते लगेच कळतं, कारण पुस्तकातली सोनामुखी सगळ्यांच्या जर्नलमध्ये एकसारखी असते. तू तुझा अर्धवट काप काढ. बाहेरून आत जा : वरची अपित्वचा म्हणजे पानाची बाहेरची साल, तिच्यावरचं मेणचट क्यूटिकल, खाली खांबांसारख्या उभ्या पॅलिसेड पेशी. सोनामुखीत खालच्या बाजूलाही पॅलिसेड सापडेल आणि तिथेच थांबून तुला प्रश्न पडायला हवा, की बाकीच्या पानांत तर ते वरच्याच बाजूला असतं. मधल्या शिरेत जलवाहिन्या वरच्या पृष्ठभागाकडे आणि रसवाहिन्या खालच्या बाजूला. शिरेलगतच्या दृढ तंतूंना चिकटून चौकोनी स्फटिकांची रांग. अपित्वचेवर एकपेशीय, खडबडीत, थोडे वाकलेले केस. हे सगळं तुझ्या काचेवर दिसलं तेवढंच काढ आणि जे दिसलं नाही त्यापुढे ‘दिसले नाही’ असं लिही. मी परीक्षक असताना अशा जर्नलला कधी कमी गुण दिले नाहीत.

प्रश्न : माझं तालुक्याच्या गावी मेडिकल आहे. मुलगा डी. फार्म. करतोय, पहिल्या वर्षाला फार्माकॉग्नोसी आहे. दिवसभर पानं आणि साली बघत बसतो. दुकानात तर सगळी स्ट्रिपमधली गोळी. हे शिकून त्याला काय उपयोग?

उत्तर : काउंटरवरून विचारलेला प्रश्न आहे, तेव्हा काउंटरवरूनच उत्तर देते. तुमच्या मांडणीवरची कुठलीही साधी गोळी घ्या. ती बांधायला आणि पोटात गेल्यावर फुटायला बहुधा मक्याचा स्टार्च किंवा लाकडाच्या लगद्यापासून केलेलं मायक्रोक्रिस्टलाइन सेल्युलोज वापरलेलं असतं. म्हणजे औषध रासायनिक असलं तरी अंग वनस्पतीचं. इसबगोलाचा डबा काढा : तो भुसा म्हणजे बीच्या कवचाची अपित्वचा, पाण्यात फुगणाऱ्या श्लेष्मल द्रव्याने भरलेली. शेजारीच सोनामुखीच्या गोळ्या असतील. हृदयाच्या रुग्णाला देता ती डिगॉक्सिन डिजिटॅलिस लॅनाटा नावाच्या झाडाच्या पानांतून काढतात. डोळ्यांचे डॉक्टर बाहुली मोठी करायला ॲट्रोपिन घालतात, ते धोतऱ्याच्या कुळातलं. रक्ताच्या कर्करोगात देतात ते व्हिनक्रिस्टिन तुमच्या अंगणातल्या सदाफुलीत सापडलं. आणि सातारा-कोल्हापूरच्या घाटात नरक्या म्हणून एक झाड आहे. कॅम्प्टोथेसिन नावाचं द्रव्य त्याच्यात मिळतं, ज्याच्यापासून इरिनोटेकॅन आणि टोपोटेकॅन ही कर्करोगावरची औषधं बनतात. त्या नरक्याची चोरटी तोड इतकी झाली, की ते झाड आता सहज दिसत नाही. याचं मला मनापासून वाईट वाटतं.

पण उपयोगाची खरी गोष्ट निराळी आहे. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला बेल्जियममध्ये वजन कमी करण्याच्या उपचारात चिनी वनौषधींची भुकटी दिली जात होती. त्यात स्टेफानिया टेट्रांड्रा नावाच्या वेलीचं मूळ असायला हवं होतं. चिनी नावं मिळतीजुळती, आणि त्याऐवजी ॲरिस्टोलोकियाचं मूळ आलं. शंभराहून जास्त बायकांची मूत्रपिंडं निकामी झाली, काहींना पुढे मूत्रमार्गाचा कर्करोग झाला. दोन्ही मुळं वाळवून दळली की डोळ्यांना सारखीच. पण दोन झाडांचं शरीर सारखं नसतं. कापून, भिंगाखाली धरून, रासायनिक तपासणी करून ती वेगळी ओळखता येतात. तुमचा मुलगा सध्या पानं आणि साली बघत बसलाय तो हेच शिकायला.

माझा स्वतःचाही एक अनुभव सांगते. नोकरीच्या सुरुवातीच्या काळात आमच्या स्टोअरमध्ये एका व्यापाऱ्याकडून अशोकाची साल आली. बरणीवर नाव चिकटवलं आणि दोन वर्षं मुलांनी तीच साल ‘अशोक’ म्हणून काढली. तिसऱ्या वर्षी एका मुलाचा काप फारच सुंदर आला. त्यात रसवाहिन्यांच्या भागात तंतूंचे आडवे पट्टे एकाआड एक, जिन्याच्या पायऱ्यांसारखे लागलेले होते. त्याने विचारलं, मॅडम, हे पुस्तकात का नाही? मी बघितलं आणि माझे हातपाय गार पडले. ती आपल्या सोसायट्यांच्या कुंपणाला लावतात त्या उंच, सरळ, लांब नागमोडी कडेच्या पानांच्या झाडाची साल होती. त्यालाही लोक अशोकच म्हणतात. खरा अशोक, सीतेचा अशोक, वेगळा : त्याचं पान संयुक्त असतं, फुलं केशरी-लाल गुच्छांनी येतात, आणि कूळही निराळं. स्त्रियांच्या तक्रारींवर वैद्य जी साल देतात ती याची. मी ती बरणी त्या दिवशी रिकामी केली आणि तेव्हापासून नवा माल आला की मुलांच्या आधी स्वतः एक काप घेतल्याशिवाय नाव चिकटवलं नाही. मूळ शंका मुलाची होती, हे मी दर वर्षी पुढच्या बॅचला सांगत आले.

तुमच्या दुकानात पुढेमागे वनौषधींच्या भुकट्या आणि कॅप्सूल येणार, येतच असतील. गिऱ्हाईक विचारेल, ‘हे अस्सलच आहे ना?’ तेव्हा काय विचारायचं आणि कुठे बघायचं, एवढं तरी तुमच्या मुलाला ठाऊक असेल.

प्रश्न : बडीशेप हे बी नव्हे, फळ आहे, असं आमच्या मॅडम म्हणाल्या. आजी हसली. खरं काय? (प्रथम वर्ष, बार्शी)

उत्तर : आजींना माझा नमस्कार सांग आणि हे त्यांच्यासमोर कर. बडीशेपेचा एक दाणा तळहातावर घेऊन नखाने दाब. तो उभा दोन भागांत सुटतो आणि मध्ये एक बारीक काडी दिसते, जिच्यावर दोन्ही भाग टांगलेले होते. एका फुलातल्या बीजकोशाचे ते दोन भाग, प्रत्येकात एकेक बी. म्हणजे फळ. धने, जिरे, ओवा, शेपू या सगळ्यांचं असंच. फुलोरा आठव शेपूचा : एका बिंदूतून निघालेल्या काड्या, वर छत्री. या कुळाची ती खूणच.

आता दाण्याच्या अर्ध्या भागाचा आडवा काप घेतलास तर कडेला पाच उंचवटे दिसतील आणि त्यांच्यामधल्या खळग्यांत एकेक गडद भोक. ती तेलाच्या नळ्या, व्हिटी म्हणतात त्यांना. पाठीच्या बाजूला चार, सपाट बाजूला दोन, मिळून सहा. जेवणानंतर तोंडात येणारा तो गोड वास या सहा नळ्यांतला. धन्याच्या अर्ध्या भागात मात्र सपाट बाजूच्या दोनच. परीक्षेत बडीशेप आणि धने यांच्या कापांतला फरक हमखास विचारतात, तो सहा आणि दोनवर लक्षात राहतो.

लवंगेबद्दलही आजींना सांग, त्या आणखी हसतील : ती न उमललेली कळी आहे. डोक्यावरचा गोल म्हणजे मिटलेल्या चार पाकळ्या, त्याखालचे चार काटे म्हणजे चार निदलं. चांगली लवंग पाण्यात बुडते किंवा उभी तरंगते. तेल आधीच काढून घेतलेली आडवी तरंगते. भुकटीत स्टार्च दिसला तर कळीऐवजी लवंगेची फळं दळली आहेत, आणि अश्मपेशी फार दिसल्या तर देठ. चांगल्या लवंगेत स्टार्च नसतोच.

प्रश्न : चौथ्या सत्रात स्टोमॅटल नंबर आणि स्टोमॅटल इंडेक्स असे दोन प्रयोग आहेत. दोन्हीत पर्णरंध्रंच मोजायची. मग दोन कशाला? आणि पर्णरंध्रांचे चार प्रकार माझ्या डोक्यात एकमेकांत मिसळतात. (अमरावती)

उत्तर : नंबर म्हणजे पानाच्या एक चौरस मिलिमीटरमध्ये किती रंध्रं, म्हणजे हवा ये-जा करणारी बारीक छिद्रं. हा आकडा पानाच्या वयानुसार बदलतो : पान मोठं झालं की पेशी फुगतात, रंध्रं लांब लांब जातात. उन्हात वाढलेल्या आणि सावलीत वाढलेल्या पानांतही तो वेगळा येतो. इंडेक्समध्ये आपण रंध्रांना एकूण पेशींशी ताडून बघतो. रंध्रांची संख्या भागिले रंध्रं अधिक अपित्वचेच्या पेशी, गुणिले १००. पेशी फुगल्या तरी प्रमाण फारसं हलत नाही, म्हणून ओळख पटवायला इंडेक्स जास्त भरवशाचा. सोनामुखीचंच बघ. अलेक्झांड्रियाची सोनामुखी ११ ते १३ च्या घरात, तिरुनेलवेलीची म्हणजे आपली भारतीय १७ ते २० च्या घरात. पानं चुरून टाकली तरी हा फरक उरतो. चुऱ्यावरून जात सांगता येते हे मला पहिल्यांदा कळलं तेव्हा मी रात्रभर जागी होते.

प्रकारांसाठी चार पानं ठरवून घे आणि तीच कायम ठेव. सोनामुखी : रंध्राला समांतर दोन पेशी, दाराच्या दोन फळ्यांबाहेर दोन चौकटी असाव्यात तशा. तुळस किंवा अडुळसा : दोनच पेशी, पण त्यांच्यामधली भिंत फटीला काटकोनात. धोतरा : तीन पेशी, त्यातली एक ठळकपणे लहान. डिजिटॅलिस : भोवतीच्या पेशी बाकीच्यांसारख्याच, वेगळ्या काढता येत नाहीत. पहिल्या तिघांची पानं कॉलेजच्या औषधी बागेत नक्की असतील. खालच्या बाजूने साल अलगद सोलता आली नाही तर पारदर्शक नेलपॉलिश लाव, पूर्ण वाळू दे, वर चिकटपट्टी दाबून उचल आणि ती स्लाइडवर चिकटव. रंध्रांचा ठसा उमटलेला असतो. मात्र धोतरा हाताळल्यावर हात साबणाने धुतल्याशिवाय डोळ्यांना लावायचा नाही. माझ्या एका विद्यार्थिनीने लावला होता. दुसऱ्या दिवशी तिची एक बाहुली मोठी होती, वाचताना अक्षरं पुसट दिसत होती, आणि घरचे घाबरून थेट दवाखान्यात.

झाड ओळखून घेण्याबद्दल विचारणाऱ्या आणखी दोघांना एकत्रच सांगते : प्रोजेक्टसाठी झाड ‘ऑथेंटिकेट’ करून, म्हणजे तज्ज्ञाकडून ओळख पटवून, आणायला सांगतात तेव्हा नुसती पानं पिशवीत भरून नेऊ नका. फुलासकट किंवा फळासकट फांदी हवी. वर्तमानपत्रात पसरून दाबा, पहिले काही दिवस रोज कागद बदला, पानाची एक तरी बाजू उलटी दिसू द्या. कुठून तोडली, कधी तोडली, फुलाचा ताजा रंग काय होता, हे त्याच दिवशी चिठ्ठीवर लिहा. वाळल्यावर रंग जातो. पुण्यात भारतीय वनस्पती सर्वेक्षण आणि आघारकर संशोधन संस्था, मुंबईत सेंट झेवियर्समधलं ब्लॅटर हर्बेरियम, इथे झाडं ओळखून देतात. तिथे जाण्याआधी झाड स्वतः ओळखायचा प्रयत्न करा आणि तुमचं उत्तर पेन्सिलीने चिठ्ठीच्या मागे लिहून न्या.